घर-अंगण : मृगाआधीची कामं, वाचकांचे प्रश्न

यावेळी आलेली बहुतेक पत्रं काळी माती, पाणी आणि ऊन यांच्याशीच भांडणारी आहेत. मृग ७-८ जूनला निघतो, पण विदर्भात पाऊस खऱ्या अर्थानं जम बसवेपर्यंत जूनचा मध्य उजाडतो. तोवर जेवढं उरकेल तेवढं उरकावं, म्हणून पावसाआधीच्या कामांचे प्रश्न आधी घेतले आहेत.

प्रश्न : अंगणात चार वर्षांपूर्वी विटांचं तुळशी वृंदावन बांधलं. आता ते ओट्यापासून सुटून एका बाजूला कललं आहे. भेग सिमेंटनं दोनदा भरली, दरवर्षी ती पुन्हा उघडते. आतली तुळसही पावसाळ्यात पिवळी पडून मरते. पाडून नव्यानं बांधावं का? (वाचक, आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : भेग भरून हे थांबणार नाही, कारण दुखणं विटांत नाही, खालच्या जमिनीत आहे. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तीच माती वृंदावनाखालीही आहे. घराच्या भिंतींचं वजन मातीला थोडंफार दाबून धरतं. तीन फुटी वृंदावन त्या मानानं फार हलकं, म्हणून माती त्याला सहज उचलते. त्यात ते ओट्याला जोडून बांधलेलं. ओट्याचा पाया वेगळा, वृंदावनाचा वेगळा, दोन्ही आपापल्या चालीनं वरखाली होतात आणि सांधा फाटतो.

पाडायचं की ठेवायचं हे ठरवण्याआधी झुकाव बघा. वृंदावन ज्या बाजूला कललं असेल, त्याच्या उलट बाजूला पाणी शोधा. मोरीचं सांडपाणी, गळका नळ किंवा वळचणीची धार तिकडे पडत असेल. ती बाजू ओलीनं फुगून उचलली जाते आणि वृंदावन कोरड्या बाजूकडे झुकतं. जवळ कडुनिंबासारखं मोठं झाड असेल तर ते मुळांनी ओल ओढून माती आकसवतं, मग वृंदावन झाडाकडे कलतं. विटा शाबूत असतील आणि झुकाव इंचभराच्या आत असेल, तर पाण्याची ती वाट बंद करा, ओट्याचा सांधा मुद्दाम मोकळा करा आणि एक पावसाळा बघा. उभे तडे गेलेलं किंवा जास्त कललेलं असेल तर पाडणंच बरं.

नव्यानं बांधताना खर्च खड्ड्यावर करा, नक्षी नंतर. अडीच फूट चौरस वृंदावनासाठी खड्डा साडेचार फूट लांब, तेवढाच रुंद आणि तीन फूट खोल घ्या. मे महिन्यात खोदत असाल तर तळाची माती कडक आणि भेगाळलेली असेल. तिच्यावर तसंच बांधलं तर पहिल्या झडीत ती फुगेल. म्हणून खड्ड्यात आठवडाभर दोन-तीनदा पाणी भरून जिरू द्या, भेगा मिटल्या की वरचा तीन-चार इंच चिखल काढून टाका. मग मुरूम भरा. एका वेळी सहा इंचांचा थर, वर पाणी शिंपडायचं आणि धुमसानं तो साडेचार इंचांवर येईपर्यंत ठोकायचा. सगळा मुरूम एकदम ओतून वरून ठोकला तर खालचा भाग पोकळच राहतो, आणि बहुतेक ठिकाणी चूक इथंच होते. ठोकून बसलेला मुरूम सुमारे ५४ घनफूट भरतो, म्हणजे मोकळा पाऊण ब्रास मागवा (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि मोकळा मुरूम ठोकल्यावर पाऊणपट होतो). मुरूम लाल, दाणेदार हवा. मूठभर ओला करून वळून बघा, चिखलासारखा चिकटला तर त्यात माती जास्त आहे, परत पाठवा.

वरच्या चार इंचांत साडेतीन फूट चौरस काँक्रीटचा तळ टाका. प्रमाण १:२:४ (सिमेंट, रेती, खडी), आत ८ मिमी सळईची सहा इंचांवर जाळी. सळई साधारण ६ किलो लागते आणि सिमेंट पाऊण पोतं, उरलेलं जोडाईत जातं. हा तळ एकसंध असला की माती थोडी हलली तरी अख्खं वृंदावन एकत्र हलतं, मधेच चिरत नाही. सात दिवस तळावर ओली पोती ठेवा आणि मगच विटा चढवा.

ओट्याला चिकटवू नका. किमान अर्धा इंच फट ठेवून तिच्यात रेती भरा. ओट्याची बाजू सोडून बाकी बाजूंनी दोन फूट रुंद फरशी घाला. फरशीखाली सहा इंच मुरूम आणि बाहेरच्या बाजूला दोन फुटांत एक इंच उतार. या पट्ट्यामुळे पायाखालची ओल वर्षभर बऱ्यापैकी सारखी राहते, आणि ओल सारखी राहिली की फुगणं-आकसणंही कमी होतं. सड्याचं पाणी, पूजेचं पाणी, सगळं या पट्ट्याबाहेर वाहून गेलं पाहिजे.

तुळस मरते ती बहुधा पाणी कोंडल्यानं. बऱ्याच वृंदावनांत वरची कुंडी सिमेंटनं बंद केलेली असते, तळाला भोकच नसतं. कुंडी आतून किमान एक फूट रुंद, सव्वा फूट खोल ठेवा आणि तळाशी एक इंची पीव्हीसी पाइप उतार देऊन बाहेर काढा, आतल्या तोंडाला जाळी लावा. पाइपावर फुटक्या कवेलूचे, म्हणजे कौलाचे, तुकडे दोन इंच, मग माती. निव्वळ काळी माती नको. दोन भाग गाळाची माती, एक भाग रेती, एक भाग जुनं शेणखत. नवं सिमेंट चुना सोडतं, म्हणून रोप लावण्याआधी कुंडी पाण्यानं भरून दोन-दोन दिवसांनी तीनदा रिकामी करा. मंजिऱ्या हिरव्या असतानाच खुडत गेलात तर झाड जास्त टिकतं. चार-दोन मंजिऱ्या वाळू द्या, ते बी जूनमध्ये पेरलं की कार्तिकातल्या तुळशीच्या लग्नापर्यंत चांगलं रोप तयार असतं. हळद-कुंकू, तेल आणि दूध खोडाशी न घालता वृंदावनाच्या भिंतीला वाहावं, आणि दिव्याची देवळी पानांपासून वीतभर तरी खाली असावी.

प्रश्न : घर कवेलूचं आहे. दरवर्षी फेरणी करतो, म्हणजे कवेलू काढून पुन्हा बसवतो, तरी त्याच त्या जागी गळतं. वानरांनी तर उच्छाद मांडलाय. कवेलूखाली प्लास्टिक अंथरावं असं एकानं सुचवलं. (वाचक, सिंदेवाही, जि. चंद्रपूर)

उत्तर : प्लास्टिक नका अंथरू. कवेलूच्या फटींतून हवा खेळते, म्हणून ते घर उन्हाळ्यात सुसह्य असतं. प्लास्टिकनं ती हवा अडते, खालून दमटपणा कोंडतो आणि वासे व कामट्या (बांबूच्या चिरलेल्या पट्ट्या) दोन-तीन पावसाळ्यांत कुजायला लागतात. वाळवीलाही ओलं लाकूड आवडतं. गळती थांबल्यासारखी वाटते आणि छप्पर आतून जातं.

दरवर्षी एकाच जागी गळतं, याचा अर्थ तिथं कवेलूखालचा सांगाडा खचला आहे. आढ्यापासून वळचणीपर्यंत सुतळी ताणून बघा. सुतळी आणि कवेलू यांच्यात मधेच दोन-तीन इंच पोकळी दिसली की तिथं वासा वाकला आहे किंवा कामटी तुटली आहे. त्या खळग्यात पाणी थबकतं आणि कवेलूच्या सांध्यातून मागे चढतं. कितीही फेरा, वासा बदलल्याशिवाय उपयोग नाही. दुसरी जागा म्हणजे दोन उतार मिळतात ती पन्हळ. तिथं कवेलूवर विसंबू नका, दोन फूट रुंद जस्ताच्या पत्र्याची नाली करून घाला आणि दोन्ही बाजूंचे कवेलू पत्र्यावर किमान सहा इंच येऊ द्या. उतारही मोजा. आडव्या तीन फुटांना दीड फूट उभा, याहून कमी उतारावर अर्धगोल कवेलू झडीच्या पावसात टिकत नाहीत.

फेरणी मेच्या पहिल्या पंधरवड्यात, सकाळी सहा ते दहा. अवकाळी वावधन (वादळवारा) आलं तर उघडं छप्पर झाकायला ताडपत्री खाली तयार ठेवा. एका वेळी चार-पाच फुटांचाच पट्टा उघडायचा. कवेलू काढले की झाडूनी माती आणि निंबाचा पाला साफ करा, नालीत साचलेला पाला हे गळतीचं मोठं कारण आहे. प्रत्येक कवेलू बोटाच्या पेरानं वाजवून बघा. खणखणीत वाजला तर ठेवा, भदभदा वाजला तर बारीक चीर आहे, बाजूला काढा. सगळं मिळून दहातला एक बदलावा लागतो असं धरून नवे आणून ठेवा, आणि जुन्याच मापाचे आणा. नवं माप जुन्यावर नीट बसत नाही. लावताना वळचणीपासून वर जायचं, आधी उताणे, मग पालथे, वरचा कवेलू खालच्यावर तीन इंच तरी चढलेला. वाऱ्याच्या तोंडावरच्या, म्हणजे पश्चिमेच्या बाजूला चार इंच. आढ्यावर निव्वळ सिमेंट थापू नका. ते कडक असतं, उन्हात फाटतं आणि पुढच्या फेरणीत चांगले कवेलूही सोबत फोडून नेतं. एक भाग चुना, तीन भाग रेती हा माल मऊ राहतो आणि सहज सुटतो.

वानरांचं पूर्ण निवारण होत नाही, पण येणं कमी करता येतं. छपरावर झुकलेल्या फांद्या १५ फूट दूरपर्यंत छाटा. वड्या, पापड, चिंच, मोहफुलं छपरावर वाळत घालू नका, ती ओट्यावर जाळीखाली वाळवा. बाभळीचे काटे पसरण्याची पद्धत आहे, तीही टाळा. काट्यांत पाला अडकतो आणि नाली बुजते. छपरावर चढताना पाय कवेलूवर ठेवू नका. शिडी उतारावर आडवी टाकून तिचा आकडा आढ्यावर अडकवा आणि शिडीवरूनच काम करा. जुनं लाकूड माणसाचं वजन पेलेल याची खात्री कधीच धरू नये.

प्रश्न : आमचं गाव खारपाणपट्ट्यात. बोअरचं पाणी घातल्यावर गुलाबाची पानं कडेनं जळतात, कुंड्यांवर पांढरं बसतं, घराच्या भिंतीही दोन-अडीच फुटांपर्यंत फुगून पापुद्रे सुटतात. अंगणात चार फुलं दिसावीत एवढीच इच्छा आहे. (वाचक, दर्यापूर, जि. अमरावती)

उत्तर : तुमचा त्रास पूर्णेच्या खोऱ्यातल्या सगळ्या गावांचा आहे, अकोला, अमरावती आणि बुलडाण्यातले वाचक तो नेहमी लिहितात. पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. झाड पाण्यासोबत ते ओढतं आणि पानाच्या टोकाशी साठवतं, म्हणून जळणं कडेपासून सुरू होतं. खत घालून हे सुधारत नाही, उलट रासायनिक खतानं वाढतं.

पहिला उपाय पावसाचं पाणी. ५०० चौरस फूट पत्र्याच्या छपरावर एक इंच पाऊस पडला की सुमारे ९०० लिटर पाणी हाताशी येतं. पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी सोडून द्या, त्यात धूळ आणि पक्ष्यांची घाण असते. नंतरचं वळचणीला पन्हळ लावून झाकणाच्या टाकीत घ्या. ५०० लिटरच्या दोन टाक्या असल्या की वीस-पंचवीस कुंड्यांना दिवाळीनंतरचे दोन-अडीच महिने हे पाणी पुरतं. तेवढ्यापुरतं तरी बोअर बंद.

दुसरा उपाय कुंडी धुणं. जुलैत झड लागली की कुंड्या उघड्यावर ठेवा, तळाचं भोक मोकळं आहे ना बघा. कुंडीच्या आकाराच्या तिप्पट पाणी आरपार गेलं की क्षार बरेच उतरतात. बोअरचंच पाणी घालायचं असेल तर थोडं-थोडं रोज घालू नका. एकदा भरपूर घाला, भोकातून वाहू द्या, मग माती वरून कोरडी होईपर्यंत थांबा. पानांवर कधीच शिंपडू नका.

जमिनीतल्या वाफ्यांना जिप्सम घाला, चौरस मीटरला पाव किलो, वरच्या पाच-सहा इंचांत मिसळून, मेअखेरीस. पाऊस ते विरघळवून खाली नेतो आणि चिकट माती थोडी मोकळी होते. वाफ्याला बाहेर जाणारी चर हवीच, नाहीतर विरघळलेला क्षार तिथंच राहतो. जिप्समऐवजी चुना घालू नका. या मातीत चुनखडी आधीच भरपूर असते.

झाडं निवडताना जमिनीचं ऐका. कण्हेर, बोगनवेल, सदाफुली आणि चिनी गुलाब (पोर्च्युलाका) हे खारं पाणी बऱ्यापैकी सोसतात. सावलीसाठी करंज, फळासाठी चिक्कू, बोर, आवळा. गुलाब, जास्वंद आणि लिंबू यांना खारं पाणी सोसत नाही. गुलाब हवाच असेल तर दोन-चार कुंड्याच ठेवा आणि त्यांना फक्त साठवलेलं पावसाचं पाणी द्या.

भिंतीबद्दल. ओल जमिनीतून विटांत चढते, भिंतीवर वाळते आणि क्षार पृष्ठभागावर फुगतात. त्यावर सिमेंटचा गिलावा केला की ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही, ती आणखी वर चढते आणि पुढच्या वर्षी पापुद्रे तीन-साडेतीन फुटांवर सुटतात. ऑइल पेंटचंही तेच. फुगलेला भाग कोरड्या ब्रशनं झाडा, पाण्यानं धुऊ नका, धुतलं की क्षार विरघळून परत आत जातो. झाडलेली पूड खाली ताडपत्रीवर गोळा करा आणि घरापासून लांब टाका. मग चुन्याचा हात द्या, चुना श्वास घेऊ देतो.

चुना घरी असा करा : एक किलो कळीच्या चुन्याला पाच लिटर पाणी. लोखंडी पिंपातच विरवा, पाणी उकळतं आणि प्लास्टिकची बादली वितळू शकते. पाण्यात चुना थोडा-थोडा सोडा, चुन्यावर पाणी ओतू नका, डोळ्यांवर चष्मा लावा, मुलांना दूर ठेवा. २४ तास मुरू द्या, जाड कापडानं गाळा, मग २० ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घाला, नाहीतर अंगाला लागून चुना निघतो. पातळ हात तीन द्या. एकच जाड दिला तर पापुद्र्यांनी सुटतो. भिंतीच्या पायथ्याशी सड्याचं खारं पाणी मारणं मात्र बंद करा, अर्धं दुखणं तिथून येतं.

प्रश्न : सांदवाडीत (घरामागच्या परसात) दुधी-दोडक्यांसाठी बांबूचा मांडव घालतो. दर दुसऱ्या वर्षी ऐन पावसाळ्यात, वेल फळाला आली की बसतो. (वाचक, पुसद, जि. यवतमाळ)

उत्तर : बांबू जमिनीलगत, माती आणि हवा मिळतात त्या चार-सहा इंचांत कुजतो, किंवा तिथंच उधई (वाळवी) शिरते. वरचा बांबू ठणठणीत असतो. म्हणून बांबूचा मातीशी संबंधच तोडा. दीड इंची जस्ताच्या पाइपाचे तीन-तीन फुटांचे तुकडे घ्या, दीड फूट काँक्रीटमध्ये गाडा, दीड फूट वर ठेवा आणि बांबू त्यावर टोपीसारखा बसवून तारेनं बांधा. पाइपाच्या तोंडावर बांबूची गाठ टेकेल असं बघा, गाठीवर वजन बसतं. पाइप परवडत नसेल तर बांबूची खालची अडीच फूट वाळवून डांबराचे दोन हात द्या आणि खड्ड्यात मातीऐवजी फुटक्या विटा-मुरूम भरा, म्हणजे पाणी थांबत नाही. जळकं ऑइल लावण्याची पद्धत आहे. भाजीच्या वाफ्यात ते मातीत उतरतं, नका लावू.

बांबू स्वतः कापत असाल तर पावसाळ्यात नको. तेव्हा त्यात साखर-स्टार्च जास्त असतो आणि घुण (बांबू पोखरणारा किडा) लवकर लागतो. हिवाळ्यात, तीन वर्षांवरचा बांबू कापा. तो गावतळ्यात तीन-चार आठवडे बुडवून ठेवण्याची जुनी रीत चांगली आहे, स्टार्च पाण्यात उतरतो. १०० लिटर पाण्यात ३ किलो बोरॅक्स आणि २ किलो बोरिक अ‍ॅसिडचं द्रावण घुणाला उत्तम अडवतं, पण ते पावसानं धुऊन जातं. ओट्यावरच्या, छपराखालच्या बांबूकामाला ते वापरा, उघड्या मांडवाला त्यावर विसंबू नका.

आणि मांडव छतासारखा सपाट नको. दोन्ही बाजूंना उतरता, मधे उंच ठेवा. सपाट मांडवावर वेलाची ओली पानं गालिच्यासारखी दाट होतात, पावसाचं वजन त्यावर बसतं आणि तेच तो बसवतं.

प्रश्न : सिमेंटच्या टाकीत तळ्यातून आणलेलं कमळ लावलं. पानं येतात, फूल नाही. पाणी हिरवं होतं, डास होतात. आठवड्याला पाणी बदलतो. (वाचक, अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया)

उत्तर : पाणी बदलणं आधी थांबवा. शेवाळाला ताजं पाणी म्हणजे नवं अन्न. टाकीचा अर्धा ते साठ टक्के पृष्ठभाग पानांनी झाकला की ऊन अडतं आणि पाणी आपोआप निवळतं, तोवर फक्त आटलं तेवढं भरत जा. टाकी नवी असेल तर सिमेंटचा चुना मात्र आधी काढावा लागतो. लावणीपूर्वी दोन-तीन आठवड्यांत चार वेळा भरून रिकामी केली होती का? नसेल आणि पानं पिवळी पडत असतील, तर त्याचं तेही कारण.

तुमच्या भागातल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांतलं कमळ मोठ्या जातीचं. त्याचे कंद चिखलात दूरवर धावतात, लहान टाकीत ते कोपऱ्यात अडतात आणि सगळी ताकद तिथंच घालवतात. चौकोनी टाकी असेल तर आत तीन फूट व्यासाचं गोल, भोक नसलेलं टोपलं ठेवून त्यात लावा. टाकी त्याहून लहान असेल तर कमळाचा नाद सोडा आणि कुमुदिनी लावा, ती दोन फुटी टपातही फुलते. मातीसाठी तळ्याचा गाळ किंवा काळी माती सहा इंच, वर अर्धा इंच रेती. ताजं शेणखत बिलकूल नको, ते पाण्यात सडतं. कंद फेब्रुवारीअखेर ते मार्च लावायचा, त्याचं कोवळं टोक मातीबाहेर राहील असा. सुरुवातीला पाणी चार इंच, पानं उभी राहिली की आठ-दहा इंच. दिवसाला सहा तास ऊन नसेल तर फूल नाही, हे पक्कं.

चार-पाच पानं पाण्यावर उभी राहिली की खत सुरू करा. १०:२६:२६ (नत्र, स्फुरद, पालाश) खताचा एक चमचा कागदाच्या पुडीत बांधून चिखलात कडेला, टोकापासून लांब खोचा, तीन आठवड्यांतून एकदा. पुडी न बांधता टाकलं तर खत शेवाळाला मिळतं. सप्टेंबरनंतर बंद. हिवाळ्यात पानं वाळतात, झाड मेलं असं समजून कंद फेकू नका.

डासांसाठी टाकीत सहा-आठ गप्पी मासे सोडा, त्यांना वरून खाणं घालू नका, पोट भरलं की अळ्या खात नाहीत. ते मासे तलावात मात्र नेऊन सोडू नका, ते इथले नाहीत आणि तलावातल्या मूळ लहान माशांना जड जातात. अंगणात लहान मुलं असतील तर पाण्याच्या दोन इंच खाली जाड तारेची जाळी बसवा. वितभर पाणीही बाळाला धोक्याचं असतं.

प्रश्न : पाऊस लागला की कूलर कसा ठेवावा? टाकीला गंज लागतो. (वाचक, हिंगणघाट, जि. वर्धा)

उत्तर : पाणी पूर्ण काढा, मग टाकीच्या आतल्या भिंती ब्रशनं घासा. हे टाळू नका. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेजवळ चिकटतात, कोरडी राहूनही कित्येक महिने जिवंत असतात आणि पुढच्या मार्चला पाणी भरलं की उबतात. घासल्यावर दिवसभर उन्हात वाळवा, गंज सँडपेपरनं काढून रेड ऑक्साइडचे दोन हात द्या, तळाला डांबर-पेंट. वुडवूल (जाळ्यांतलं लाकडी गवत) फेकून द्या, पुढच्या वर्षी नवं. पंप लिटरभर पाण्यात दोन चमचे लिंबूसत घालून अर्धा तास चालवा, मग साध्या पाण्यात पाच मिनिटं, क्षार निघतो. तार काढून मोटार कापडात गुंडाळा, पण प्लास्टिकनं बंद करू नका, आतली ओल मोटारीत शिरते.

प्रश्न : दारावरच्या कमानीवर बोगनवेल हिरवीगार आहे, फुलंच नाहीत. (वाचक, वाशीम)

उत्तर : पाणी जास्त, किंवा ऊन कमी. मोरीचं पाणी तिकडे जात असेल तर वळवा, शेणखत बंद करा. पानं किंचित मलूल होईपर्यंत पाणी रोखायचं, मग एकदा भरपूर द्यायचं. लांब फांद्या आताच छाटा, फूल नव्या फुटव्याच्या टोकाला येतं. कमान लोखंडी असेल तर पाय काँक्रीटमध्ये दोन फूट गाडलेले आहेत ना बघा. पावसात भिजलेली वेल फार जड होते आणि पहिल्या वावधनात कमानीसकट आडवी होते.

प्रश्न : दसऱ्याला अंगणातलाच झेंडू तोरणाला हवा. केव्हा पेरू? (वाचक, मूर्तिजापूर, जि. अकोला)

उत्तर : दसऱ्याच्या तारखेपासून मागे ९५ दिवस मोजा, त्या दिवशी बी टाका. गादीवाफ्यावर ओळीत, पाव इंच खोल. चौथ्या आठवड्यात रोपं लावा, दीड फूट अंतरावर. जागा काळ्या मातीची असेल तर आठ इंच उंच वरंब्यावर, नाहीतर श्रावणातल्या झडीत मुळं कुजतात. लावल्यावर दहा-बारा दिवसांनी शेंडा खुडा, फांद्या वाढतात आणि फुलांची संख्याही. याहून उशिरा खुडलात तर फूल दसऱ्याऐवजी दिवाळीला येईल. दोन्ही सणांना हवा असेल तर निम्मं बी तीन आठवड्यांनी पेरा. कळ्या धरल्या की वरून पाणी देणं बंद करा, भिजलेलं फूल आतून सडतं. तोडणी दसऱ्याच्या आदल्या सायंकाळी, देठासकट.